सरकारी दप्तर आले मोबाइलवर. पण विश्वासाचे काय?



गेल्या काही गळीत हंगामांपासून गटसभेत बेणे, खत आणि पाणी यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघू लागला आहे. माती परीक्षणाचे बोलणे चालू असते आणि मध्येच कोणीतरी उठून विचारतो, "साहेब, ते राहू द्या बाजूला. माझ्या रानात ऊस हाय, पण सातबाऱ्यावर पड लागलीया, त्याचं काय करायचं?" मग सभेचा रोख बदलतो. ॲप, ओटीपी, सर्व्हर, अंगठा असे शब्द सुरू होतात आणि माती परीक्षण बाजूलाच राहते.

ऊस विकास विभागाचे काम बांधापासून काट्यापर्यंतचे. सरकारी दप्तराशी आमचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु सोसायटीचे पीककर्ज असो, ठिबकचे अनुदान असो की पुराने बुडालेल्या उसाची भरपाई असो, प्रत्येक वाट अखेर त्या उताऱ्यावरूनच जाते. तेव्हा या ऑनलाइन कारभाराबद्दल सभासदांना काय वाटते आणि त्यातले कितपत रास्त आहे, हे एकदा सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले.

आधी झाले काय, ते थोडक्यात पाहू. जमिनीची दप्तरे संगणकावर आणण्याचा देशव्यापी कार्यक्रम केंद्र शासनाने २००८ मध्ये हाती घेतला. शेजारच्या कर्नाटकाने 'भूमी' योजनेत हे काम त्याही आधी, २००१ च्या सुमारास केले होते. आपल्याकडे हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळतो की नाही हे तपासण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी खुद्द शेतकऱ्याच्या हाती आली, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. सात-आठ वर्षांत एवढे बदल! पूर्वी एका पिढीत एखादा नमुना बदलायचा.

आता लोकांचे मत. आमच्या पाहण्यात सरसकट विरोध करणारा सभासद फार विरळा. "मोबाइलवर दोन मिनिटांत उतारा निघतो" हे म्हातारी माणसेही कौतुकाने सांगतात. हिशेबच करून पाहा. गाव तालुक्यापासून २० किलोमीटर धरले आणि एका कागदासाठी तीन हेलपाटे घातले, तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलला सुमारे अडीच लिटर पेट्रोल लागते. शिवाय तीन दिवसांचा रोजगार बुडतो, चहापाणी वेगळे. तोच उतारा १५ रुपयांत घरी निघत असेल तर पैसा, वेळ आणि इंधन तिन्ही वाचतात. हजार सभासदांचे तीन हेलपाटे वाचले तर सुमारे अडीच हजार लिटर पेट्रोल वाचले. पर्यावरणाच्या मोठ्या गोष्टी बोलण्यापेक्षा हा हिशेब आम्हाला जवळचा वाटतो. संगणकालाही वीज लागते हे खरे, पण आपल्या रस्त्यांवर जळणारे पेट्रोल त्याहून डोळ्यांना दिसते.

मग तक्रार कशाबद्दल आहे? तक्रार आहे ती अडल्यावर कोणाकडे जायचे, याबद्दल. पूर्वी भाऊसाहेब भेटत नसत, भेटले तर उद्या या म्हणत. पण भाऊसाहेब म्हणून एक माणूस तरी होता. त्याला गाठता येत होते, प्रसंगी चार शब्द सुनावता येत होते. आता केंद्रावरचा पोरगा म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, काका." सर्व्हरला कुठे गाठायचे? मोबाइल चालविता येणारी तरुण मुलेसुद्धा इथेच हात टेकतात.

याबाबतीत दोन कर्जमाफींचा अनुभव आठवावा. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. नवरा-बायकोने जोडीने आपले सरकार केंद्रावर जायचे, सगळी माहिती भरायची, अंगठा द्यायचा. गावोगाव केंद्रांसमोर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या. पुढे बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना आणि याद्यांचा घोळ बरेच दिवस चालला. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमाफीत शेतकऱ्याकडून अर्जच घेतला नाही. माहिती बँकांनी भरली, याद्या गावात लागल्या, आणि शेतकऱ्याने आधार क्रमांकावर अंगठा देऊन आपली रक्कम बरोबर आहे की नाही एवढेच सांगायचे होते. संगणक दोन्ही वेळी होताच. पण पहिल्या वेळी सरकारला आधीच ठाऊक असलेली माहिती शेतकऱ्याने पुन्हा भरून द्यायची होती, आणि दुसऱ्या वेळी ती फक्त तपासायची होती. सभासदांच्या बोलण्यात या दोन अनुभवांबद्दलचा सूर वेगवेगळा का लागतो, ते यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या उसाकडे येऊ, कारण खरी मेख येथेच आहे.

गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत. बांधावर न येता चावडीत बसून मागील वर्षाची पिके पुढे ओढली जातात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. ई-पीक पाहणीने हा अधिकार शेतकऱ्याला दिला. रानात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा, नोंद पाठवायची. विचार उत्तमच आहे. आमच्या मते गेल्या कित्येक वर्षांत महसुली दप्तरात झालेली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. आपल्या पिकाची साक्ष आपणच द्यायची, यात शेतकऱ्याचा मान आहे.

परंतु ऊस हे तीन-चार महिन्यांचे पीक नव्हे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. जुलैमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत उभा असतो. म्हणजे एकच लागण, पण ती दोन-तीन महसुली वर्षांना शिवते. "एकदा केली की नोंद" असे समजून सभासद गप्प बसतो आणि नव्या वर्षाचा रकाना कोरा राहतो. खोडव्याचेही तेच. तोड झाली, पाचट कुजायला घातले, खोडवा फुटून हिरवागार झाला, पण कागदावर रान मोकळेच. ऊस संपूर्ण वर्षाचे पीक म्हणून नोंदवायचा असतो. घाईत कोणी खरीप निवडतो आणि आंतरपिकाचे सोयाबीन तेवढे लागते, ऊस राहून जातो. आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ यांपैकी एकात सापडते.

यात सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. २०२१ मध्ये एक ॲप आले, २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि २०२४ च्या रब्बीपासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाचे तिसरे ॲप आले. नव्या ॲपमध्ये गटाच्या नकाशाशी फोटोची जागा ताडून पाहिली जाते, त्यामुळे घरी बसून नोंद करणारांना आळा बसला, हे चांगले झाले. पण जुने काढा, नवे टाका, पुन्हा शिका, यात जुना फोन बाळगणारा माणूस मागे पडतो. उसाच्या फडात रेंज नसते ते वेगळेच. "दरसाल नवं बी आन् दरसाल नवं ॲप" असे एका सभासदाने ऐकविले. बियाणे बदलले तर निदान उतारा तरी वाढतो!

शासनाच्या कागदांत 'शाश्वत' हा शब्द आता वारंवार येतो. ठिबकला वाढीव अनुदान देणाऱ्या योजनेचे नावच मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना आहे. ऊस उत्पादकाला शाश्वत म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. लागण तर सगळ्यांचीच चांगली येते. रान तयार असते, बेणे नवे असते, खिशात कर्जाचे पैसे असतात. परीक्षा होते ती खोडव्यात. नांग्या भरल्या का, बुडखे छाटले का, वेळेवर खत दिले का, यावर पुढची तीन वर्षे ठरतात. सरकारी ॲपांचीही लागण जोरात होते. उद्घाटन होते, फलक लागतात. खोडवा राखायचे काम, म्हणजे चुकीची नोंद दुरुस्त करणे, बंद पडलेले चालू करणे, विचारणाऱ्याला उत्तर देणे, त्याला उद्घाटन नसते. म्हणून तिथे हात आखडतो.

ठिबकच्या अर्जाबाबत एका सभासदाचे बोल आम्हाला फार आवडले: "अर्ज पळतोय संगणकावर, अनुदान येतंय पायी." महाडीबीटीवरचा अर्ज खरोखरच सोपा झाला आहे. केंद्र आणि राज्य मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. पूर्वी सोडत निघे, तेव्हा लोक नशिबाला बोल लावीत. २०२५-२६ पासून आधी येणाऱ्यास प्राधान्य हे धोरण आले. निवडीचा हिशेब आता उघड झाला, पण संच बसवून पैशाची वाट पाहत बसलेल्या माणसाला त्या उघडपणाचे काय कौतुक! लोक सेवेची परीक्षा शेवटच्या पायरीवर करतात, आणि ते बरोबरच करतात.

उत्तर प्रदेशातील ऊस उत्पादकांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडण्याजोगा आहे. तेथे ऊस कारखान्याला जातो तो पर्चीवर, आणि पर्ची मिळते सहकारी ऊस समितीमार्फत. या पर्च्यांच्या काळ्या बाजाराबद्दल तेथे वर्षानुवर्षे ओरड होती. २०१९-२० च्या सुमारास तेथील शासनाने सर्वेक्षण, पुरवठ्याचे वेळापत्रक आणि पर्ची हे सारे संगणकावर आणले. पुढे पर्ची मोबाइलवर संदेशाने येऊ लागली. आपला ऊस किती नोंदला आहे, पाळी केव्हा आहे, हे शेतकरी घरबसल्या पाहू लागला. पण त्या पाठोपाठ तेथील ऊस विभागाला आवाहन करावे लागले की फोन चार्ज ठेवा, संदेशांची पेटी रिकामी ठेवा, नको असलेले संदेश अडविणारी सोय बंद करा. कारण संदेश पोचला नाही तर पर्ची पोचली नाही! कागद हरवायचा, आता संदेश अडतो. तरीही आपली पाळी आपल्या डोळ्यांनी दिसू लागली हा फायदा मोठाच म्हटला पाहिजे.

हे उदाहरण आम्ही एका गटसभेत सांगितले तेव्हा मागून आवाज आला, "आधी आपल्या तोडीची यादी दावा की!" हशा पिकला. आपल्याकडे तोडीचा क्रम सरकार ठरवीत नाही, कारखाना ठरवितो, हा फरक ध्यानात घ्यावा. लागण तारखेप्रमाणे यादी प्रत्येक गटकार्यालयात लावलेली असते. पण त्या आवाजामागची भावना योग्य आहे. जो कारभार उघड दिसतो त्यावरच माणूस विश्वास टाकतो, मग तो सरकारचा असो की कारखान्याचा. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये महा-ऊसनोंदणी ॲप आणले, त्याला आपल्या भागात थंडा प्रतिसाद मिळाला त्याचेही कारण हेच असावे. चिटबॉय बांधावर येऊन नोंद घेतो, त्याचे तोंड ओळखीचे असते, चुकले तर त्याला बोलता येते.

आणखी एक गोष्ट सभेत कोणी बोलत नाही, पण घरी गेल्यावर कळते. जमीन वडिलांच्या किंवा आईच्या नावावर, आधारला जोडलेला नंबर पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाचा. ओटीपी जातो पुण्याला. मुलगा पाळीवर असतो, तोवर मुदत टळते. महिला सभासदांची अडचण याहून मोठी. नाव उताऱ्यावर आहे, पण फोन नाही. असला तरी नंबर दुसऱ्याचा जोडलेला. आणि ज्यांनी जन्मभर कोयता-खुरपे धरले त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत, यंत्राला अंगठा ओळखू येत नाही. पीएम किसानसाठी जून २०२३ पासून चेहरा दाखवून ओळख पटविण्याची सोय झाली, ती अशांसाठी खरोखर कामाची आहे. पण अशी सोय आहे हेच पुष्कळांना ठाऊक नाही.

शेतकरी ओळख क्रमांकाबद्दल काही सभासदांच्या मनात भीती आहे. "सगळी जमीन एका आकड्याखाली गेली, उद्या काय करतील कोणास ठाऊक." जमिनीची माहिती आठ-अच्या उताऱ्यावर सरकारजवळ पूर्वीपासूनच आहे. नवे आहे ते आधारशी जोडणे आणि ती माहिती एकत्र येणे. ती कोणी कशी वापरावी हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदाही झाला आहे. आज खरा धोका मात्र वेगळ्याच बाजूने येतो. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाईल कोणीही उघडू नये. सरकार अशी फाईल पाठवीत नाही. ओटीपी तर केंद्रचालकालाही समोर बसल्याशिवाय सांगू नये.

आता उपायाचे बोलू. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. तो छापून बँकेत नेला की परत पाठवितात, आणि माणूस म्हणतो ऑनलाइन चालत नाही. महाभूमीवरून १५ रुपये भरून काढलेल्या उताऱ्यावर डिजिटल सही असते आणि पडताळणीचा १६ अंकी क्रमांक असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे अशी सही ग्राह्य आहे, तिच्यावर शिक्का मारून आणण्याची गरज नाही. कोणी शिक्का मागितलाच तर त्याच्यासमोर तो क्रमांक टाकून पडताळणी करून दाखवावी. भांडत बसू नये.

आपल्या गावातील फेरफारांच्या नोटिसा 'आपली चावडी' या सदरात कोणालाही पाहता येतात. महिन्यातून एकदा पाहण्याची सवय लावावी. फेरफारावर हरकत घ्यायला नोटिशीपासून १५ दिवसच मिळतात, आणि भाऊबंदकीच्या नोंदी कोणी घरी येऊन सांगत नाही.

नोंदीत अक्षराची, आकड्याची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करावा, सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडावा. तो जुना उतारा कृपा करून फेकू नका. संगणकाची चूक दाखवायला अजून तरी तोच साक्षीदार आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत घातलेली आहे. मुदतीत काम झाले नाही तर प्रथम अपील, द्वितीय अपील आणि शेवटी आयोगाकडे अपील करता येते. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही वाट पोच असलेल्यालाच मोकळी आहे. तोंडी विनवणीची कोणत्याच संगणकात नोंद नसते.

संचालक मंडळाच्या संमतीने आपल्या विभागाने एक लहानशी सोय केली आहे. चालू हंगामात प्रत्येक गटकार्यालयात सोमवारी सकाळी १० ते १ या वेळेत एक कृषी सहायक सातबाऱ्यावरील उसाची नोंद तपासून देईल. नोंद नसेल तर त्याच दिवशी रानात येऊन, खातेदाराच्याच फोनवरून, खातेदाराच्याच हाताने ती करवून घेईल. यासाठी शुल्क नाही. आडसाली आणि खोडवा असलेल्या सभासदांनी प्रथम यावे. येताना आठ-अचा उतारा, मागील वर्षाची ऊसनोंद पावती आणि आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणावा. खातेदार महिला असतील तर त्यांनी स्वतः यावे, घरातल्या पुरुषाला किंवा मुलाला पाठवू नये. नंबर दुसऱ्याचा जोडलेला असल्यास आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्यावा, त्यानंतरच गटकार्यालयात यावे.